काटापट्टीपासून एफ शार्प: कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर फंक्शनल भाषेत कसं बांधावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटंजी तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी हंगामात कापूस आणि सोयाबीन घेते. काट्याचं वजन वहीत उतरवलं जातं, हिशेब एक्सेलमध्ये होतो. विचारणाऱ्याला पायथन बऱ्यापैकी येतं, लॅपटॉप 4 जीबी रॅमचा आहे, लाइट केव्हाही जाते, नेट मोबाइलचं आहे. एखादी फंक्शनल भाषा (जिच्यात प्रोग्राम म्हणजे माहिती आत घेऊन उत्तर बाहेर देणारी फंक्शनं) शिकून तिच्यातच खरेदीचं सॉफ्टवेअर करायचं आहे. भाषा कोणती घ्यावी, सुरुवात कुठून करावी, फसायला कुठे होतं?

या कामाला एफ शार्प घ्या. एमएल या जुन्या फंक्शनल भाषेच्या घराण्यातली ही भाषा डॉन साइम यांनी मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधन केंद्रात घडवली. पहिली आवृत्ती 2005 ची. आज ती मुक्त स्रोत आहे आणि विंडोज-लिनक्स दोन्हींवर चालते. शिफारशीची कारणं दोन. काट्याच्या खोलीतला कॉम्प्युटर बहुधा विंडोजचा असतो, इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारा डबा) त्याला सिरियल केबलने जोडलेला असतो आणि तिथे काही इन्स्टॉल करायला नेट नसतं. एफ शार्प ज्यावर चालते त्या मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर सिरियल पोर्ट, एसक्यूलाइट (एका फाइलचा डेटाबेस) आणि छपाई या तिन्हींची सोय तयार आहे, आणि अख्खा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून नेता येतो. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं: एफ शार्पमध्ये संख्येला मापाचं एकक लावता येतं आणि ते एकक कंपायलर तपासतो. खरेदी केंद्रावर वजन किलोत, भाव क्विंटलला आणि चुकारा (शेतकऱ्याला द्यायची रक्कम) रुपयांत असतो. तिथे याची किंमत कळते.

हास्केल सुंदर भाषा आहे, पण तिचा कंपायलर आणि एडिटरचा सहायक मिळून 4 जीबीचा लॅपटॉप पार दमवतात. एलिक्सर हजारो जोडण्या सांभाळणाऱ्या सर्व्हरला उत्तम. तुमच्याकडे एक काटा, एक प्रिंटर आणि दोन माणसं आहेत, आणि किलोच्या जागी क्विंटल गेला तर तिथला कंपायलर हटकत नाही. ओकॅमलला माझा विरोध नाही, पण विंडोजवर सिरियल पोर्ट आणि छपाईची वाट तिथे अवघड आहे. नोकरीच्या दृष्टीने बघत असाल तर एफ शार्पच्या जागा नागपुरात फारशा मिळणार नाहीत. मात्र डॉटनेटबद्दल जे शिकाल ते सी शार्पच्या कामात जसंच्या तसं चालतं.

एकदाच करायची तयारी

डॉटनेटचं एसडीके (प्रोग्राम बनवायची साधनं) दोनशे एमबीच्या पुढे आहे. ते, व्हीएस कोड हा एडिटर आणि त्यातलं एफ शार्पसाठीचं आयोनाइड हे एक्स्टेन्शन चांगलं नेट असेल तिथे एकदाच उतरवून घ्या. डॉटनेटची आवृत्ती 10 घ्या. ती नोव्हेंबर 2025 मध्ये आली आणि तिला तीन वर्षं दुरुस्त्या मिळतात. लागणारी पॅकेजेस त्याच बैठकीत रिस्टोअर करा, म्हणजे उतरवून ठेवा: एसक्यूलाइटसाठी मायक्रोसॉफ्टचं पॅकेज, सिरियल पोर्टचं, वेब पानांसाठी जिराफ, चाचण्यांसाठी एफएसचेक आणि जेसनसाठी (माहिती मजकुरात मांडायची पद्धत) एफशार्प-सिस्टिम-टेक्स्ट-जेसन. एकदा उतरली की ती तुमच्या युजर फोल्डरमधल्या न्यूगेटच्या (डॉटनेटची पॅकेजेस आणणारं साधन) फोल्डरात राहतात आणि पुढचे बिल्ड नेट नसतानाही होतात. अट एकच, आवृत्तीचे आकडे प्रोजेक्ट फाइलमध्ये पक्के लिहिलेले हवेत. तिथे तारांकन टाकून ‘जी नवी असेल ती’ म्हटलं, तर बिल्ड नेटवर जाऊन शोधाशोध करतो आणि अडतो.

4 जीबीवर आयोनाइड आणि ब्राउझर एकत्र चालवणं जड जातं. शिकण्याच्या काळात साधा एडिटर आणि शेजारच्या खिडकीत एफ शार्प इंटरॅक्टिव्ह एवढं पुरतं. बिल्ड झाल्यावरही कंपायलरच्या प्रक्रिया मेमरीत बसून राहतात. त्या घालवायला डॉटनेटचीच ‘बिल्ड-सर्व्हर शटडाउन’ ही कमांड आहे. लॅपटॉप रेंगाळायला लागला की आधी ती चालवा.

शिकायचं कसं

पहिले दोन आठवडे प्रोजेक्ट बनवूच नका. एकच स्क्रिप्ट फाइल ठेवा, एकेक ओळ इंटरॅक्टिव्हमध्ये पाठवा आणि उत्तर बघा. सरावाला फिबोनाची घेण्यापेक्षा मागच्या हंगामाचं एक्सेल घ्या, कारण त्याची उत्तरं तुम्हाला आधीच ठाऊक आहेत. गावनिहाय किती क्विंटल आला, कोणत्या आठवड्यात ओलावा जास्त होता, फरदडीचा (हंगामानंतरही उभ्या ठेवलेल्या पिकाचा) माल किती, खेडा खरेदीतून (गावात जाऊन घेतलेला) किती आला. हे सगळं फिल्टर, मॅप, ग्रुप-बाय आणि सम-बाय या चार फंक्शनांत निघतं. त्यांना पाइपने (एकाचं उत्तर पुढच्याला देणारं चिन्ह) जोडायची सवय लागली की भाषेचा अर्धा डौल हाती आला.

एक्सेलमधून काढतानाच दोन खड्डे आहेत. साध्या सीएसव्हीत जतन केलं तर मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात; ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हा पर्याय निवडायचा. आणि 05/11/2025 ही तारीख कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकी असेल तर 11 मे म्हणून वाचली जाते, चूक दाखवलीही जात नाही. तारीख वाचताना नमुना नेहमी स्वतः द्या: दिवस, महिना, वर्ष.

पायथनमधून येणाऱ्याचा हात पहिल्या आठवड्यात हमखास काही ठिकाणी अडतो. एफ शार्पमध्ये बरोबरचं एकच चिन्ह तुलना करतं. फंक्शनच्या मध्येच ‘एकूण बरोबर एकूण अधिक वजन’ असं लिहिलंत तर काहीच बदलत नाही. कंपायलर फक्त इशारा देतो की तुलनेचा निकाल वाया गेला. हा इशारा दुर्लक्षित राहिला की बेरीज शून्यच येते. मधूनच बाहेर पडायला रिटर्न नाही, लूप तोडायला ब्रेक नाही. याचा राग येतो, पण उपाय सोपा आहे: शोधायचं असेल तर ट्राय-फाइंड, बेरीज साठवायची असेल तर फोल्ड, अट असेल तर मॅच. इफला उत्तर असतं, म्हणून एल्सही लागतंच.

आणखी एक गोष्ट नवख्याला गोंधळात टाकते. कंपायलर टाइपचा अंदाज डावीकडून उजवीकडे बांधत जातो. यादी आधी लिहून पाइपने मॅपकडे पाठवली तर आतल्या नोंदीचं ‘गाव’ हे फील्ड त्याला कळतं. मॅप आधी आणि यादी नंतर लिहिली तर ‘टाइप ठरवता येत नाही’ अशी तक्रार येते. कोड तोच, क्रम वेगळा. याच कारणाने प्रोजेक्टमध्ये फाइलींचा क्रमही पाळावा लागतो: खालच्या फाइलला वरची दिसते, वरच्या फाइलला खालची दिसत नाही. सुरुवातीला ही कटकट वाटते. पण सहा महिन्यांनी कोड उघडाल तेव्हा वरून खाली वाचत जाता येतं, गोल गोल फिरावं लागत नाही.

लिस्ट आणि सीक यांतला फरकही लवकर समजून घ्या. लिस्टमधला पाचशेवा घटक क्रमांकाने मागितला तर ती पहिल्यापासून मोजत जाते. क्रमांकाने काम असेल तर ॲरे घ्या. सीक (एकामागून एक येणाऱ्या घटकांची मालिका) आळशी असतो, मागितल्यावरच घटक काढतो. फाइल उघडून तिच्या ओळींचा सीक परत दिला, तर खरं वाचन होतं ते नंतर, आणि तोवर फाइल बंद झालेली असते. शिवाय तोच सीक दोनदा वापरला तर वाचनही दोनदा होतं. शंका असेल तिथे लिस्टमध्ये बदलून घ्या.

मोनाड, फंक्टर, कॅटेगरी थिअरी हे शब्द पहिले दोन महिने बाजूला ठेवा. ऑप्शन (किंमत आहे किंवा नाही) आणि रिझल्ट (उत्तर किंवा नकाराचं कारण) हे दोन टाइप नीट वापरता आले की त्यांच्यामागची कल्पना आपोआप अंगवळणी पडते.

एक काटापट्टी, बारकाईने

आता खऱ्या कामाकडे. पूर्ण सॉफ्टवेअरचा आराखडा काढत बसू नका. एका गाडीची एक काटापट्टी (वजन, भाव आणि रक्कम असलेली पावती) बरोबर निघाली पाहिजे, एवढंच पहिलं उद्दिष्ट ठेवा.

एक्सेलच्या सवयीने माणूस एकच नोंद बनवतो: कास्तकाराचं नाव, भरलेलं वजन, खाली वजन, ओलावा, भाव, चुकारा, आणि यातले निम्मे रकाने रिकामे राहू शकतात असं धरून चालतो. मग खाली वजन नसतानाच चुकारा झालेली पट्टी तयार होऊ शकते. प्रोग्राम ती निमूट घेतो आणि हंगामाच्या शेवटी ताळा बसत नाही. एफ शार्पमध्ये हे युनियन टाइपने (ठरलेल्या पर्यायांपैकी एका वेळी एकच असू शकणारा टाइप) बंद करा. पट्टीच्या अवस्था चार:

आत आली: कास्तकार, गाडी, भरलेलं वजन.
खाली झाली: वरचं सगळं आणि खाली वजन.
भाव लागला: वरचं सगळं, ओलावा आणि त्या दिवशीचा निकष (भाव आणि कपातीचे नियम).
चुकारा झाला: वरचं सगळं, रक्कम आणि तारीख.

प्रत्येक अवस्थेच्या तपशिलाचा वेगळा टाइप करा, म्हणजे चुकारा करणारं फंक्शन फक्त तिसऱ्या अवस्थेचा टाइप घेतं. दुसरी अवस्था दिलीत तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. रात्री दहा वाजता गाड्यांची रांग लागलेली असताना लिहायची राहून जाणारी अट इथे टाइपनेच लिहून ठेवलेली असते. वजनालाही असाच टाइप द्या: ‘काट्यावरून आलेलं’ किंवा ‘हाताने टाकलेलं, कारणासह’. इंडिकेटर बंद पडल्यावर हाताने वजन टाकावंच लागतं. ते पट्टीवर वेगळं दिसलं की कास्तकाराचाही विश्वास राहतो आणि संचालकांनाही उत्तर देता येतं.

मॅच लिहिताना ‘बाकी सगळं’ म्हणून खालची रेघ टाकायचा मोह टाळा. उद्या ‘रद्द’ ही पाचवी अवस्था आली तर कंपायलर प्रत्येक मॅचपाशी सांगतो की ही अवस्था राहिली; खालची रेघ असेल तर तो गप्प बसतो. अवस्थेचं नाव लिहिताना स्पेलिंग चुकलं, तर ते नवं व्हेरिएबल समजून सगळंच पकडलं जातं. हे इशारे म्हणूनच दिसतात, त्यामुळे प्रोजेक्ट फाइलमध्ये ‘इशारे म्हणजे चुका’ हे सेटिंग पहिल्या दिवशी चालू करा.

आता हिशेब. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल आहे, मध्यम धाग्याचा 7,710. हमीभावाच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे 12 पर्यंत दर टक्क्याला भावाच्या एक टक्का कपात, आणि 12 च्या वर माल नाकारतात. भरलेली गाडी 3,240 किलो, खाली 1,180, निव्वळ 2,060 किलो, म्हणजे 20.60 क्विंटल. ओलावा 10.4 आला. जास्तीचा ओलावा 2.4, कपात 194.64, भाव 7,915.36, रक्कम 1,63,056.42. भाव आधी पूर्ण रुपयात केला तर 7,915 ने रक्कम 1,63,049 होते, सात रुपये बेचाळीस पैशांनी कमी. ओलाव्याचा दशांश सोडून 10 च धरला तर 1,63,724.68 येते, म्हणजे 668 रुपयांचा फरक. यातलं बरोबर कोणतं हे प्रोग्रामरने ठरवायचं नसतं. कोड लिहिण्याआधी संचालकांना तीन प्रश्न लेखी विचारा: ओलाव्याचा दशांश धरायचा का, भाव कुठे पूर्णांक करायचा, आणि शेवटची रक्कम रुपयाला की पैशाला?

पूर्णांक करण्यात डॉटनेटची एक खोड आहे. राउंड नुसतं वापरलं तर अर्धा जवळच्या सम संख्येकडे जातो: 2.5 चे 2 होतात आणि 3.5 चे 4. कास्तकार पाटीवर हिशेब करतो त्यात अडीचचे तीन होतात. तेव्हा ‘शून्यापासून दूर’ हा पर्याय दर वेळी द्या. त्याचं एक छोटं फंक्शन बनवून सगळीकडे तेच वापरा. पैशासाठी फ्लोट कधीच नको, डेसिमल घ्या.

एककं अशी लावा: किलो, क्विंटल, रुपया हे तीन जाहीर करा, भावाचा टाइप ‘रुपया भागिले क्विंटल’ ठेवा. मग किलोतलं वजन थेट भावाने गुणलं तर उत्तराचं एकक रुपया येतच नाही आणि कंपायलर तिथेच थांबवतो. क्विंटल करायला ‘100 किलो भागिले क्विंटल’ या स्थिरांकाने भागावं लागतं. एवढं लक्षात ठेवा की ही एककं फक्त कंपाइल होईपर्यंत असतात. डेटाबेसमधून वाचलेला आकडा नुसता आकडा असतो. त्याला एकक लावायचं काम एकाच ठिकाणी, वाचणाऱ्या फंक्शनमध्ये करा.

आता या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. चुकारा काढणाऱ्या फंक्शनने स्वतः काहीही शोधायला जाऊ नये. आजचा भाव डेटाबेसमधून वाचायचा नाही, घड्याळ बघायचं नाही, छपाई करायची नाही. पट्टी आणि निकष आत येतात, रक्कम किंवा नकाराचं कारण बाहेर जातं, बस. निकष म्हणजे एक साधी नोंद: मूळ भाव, ओलाव्याची मर्यादा, कपातीचा दर, लागू तारीख. मार्चमध्ये कुणी नोव्हेंबरची पट्टी पुन्हा मागितली, तर नोव्हेंबरचा निकष देऊन तेच फंक्शन चालवलं की पैशापर्यंत तीच रक्कम येते. आतून आजचा भाव वाचणारं फंक्शन मार्चमध्ये वेगळीच रक्कम छापतं, आणि मग ऑफिसात भांडण उभं राहतं. फंक्शनल पद्धतीचा फायदा अमूर्त वाटत असेल तर तो इथे, या एका पट्टीत, नीट बघून घ्या. प्रोग्रामचा गाभा असा कोरडा ठेवा. काटा, डेटाबेस, प्रिंटर, घड्याळ हे सगळं त्याच्या कडेला.

नकार रिझल्टने द्या: ओलावा 12 च्या वर, खाली वजन भरलेल्यापेक्षा जास्त, त्या तारखेला निकषच नाही. प्रत्येक कारणाला स्वतःचं नाव असू द्या. अपवाद फेकून हे करू नका, कारण ओला माल येणं ही रोजची गोष्ट आहे. अपवाद ठेवायचे ते डिस्क भरली, केबल निघाली अशा प्रसंगांसाठी.

साठवण आणि लाइट जाणं

डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट पुरे. सर्व्हर लागत नाही, एक फाइल असते. नोंद बदलण्याऐवजी घडलेली गोष्ट जोडत जा: गाडी आली, भरलेलं वजन घेतलं, खाली वजन घेतलं, भाव लागला, रद्द झाली. जुन्या मुनीमांच्या रोजमेळात चुकीची रक्कम खोडत नसत, उलटी नोंद टाकत. तोच नियम इथे. टेबल एकच: क्रमांक, वेळ, पट्टी क्रमांक, प्रकार, तपशील. पट्टीची आजची अवस्था या घटनांवर फोल्ड चालवून काढायची. हंगामात काही हजार गाड्या आल्या तरी ही बेरीज साध्या लॅपटॉपवर क्षणात होते. यासाठी कुठलाही मोठा फ्रेमवर्क आणू नका.

लाइट जाते म्हणून दोन सेटिंग्ज. जर्नल मोड ‘वॉल’ ठेवा (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात) आणि सिंक्रोनस ‘फुल’ (नोंद डिस्कवर पोचल्याची खात्री करूनच पुढे जातो). सिंक्रोनस ‘नॉर्मल’ असेल तर वॉलमध्ये फाइल बिघडत नाही, पण लाइट जाण्याआधीच्या शेवटच्या एक-दोन नोंदी हरवू शकतात. भरलेली गाडी काट्यावरून उतरून माल खाली झाला असेल तर ते वजन पुन्हा घेताच येत नाही, म्हणून तो धोका पत्करू नका. डेटाबेसची फाइल नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवू नका. वॉल तिथे चालत नाही. बॅकअप घेताना प्रोग्राम चालू असताना फक्त डीबी फाइल पेनड्राइव्हवर ओढली तर शेजारच्या वॉल फाइलमधल्या ताज्या नोंदी मागे राहतात. ‘व्हॅक्यूम इंटू’ ही आज्ञा पूर्ण आणि सुसंगत प्रत बनवते, तीच रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घ्या.

एसक्यूलाइटमध्ये डेसिमल नावाचा प्रकार नाही. मायक्रोसॉफ्टचं पॅकेज डेसिमल मजकूर म्हणून ठेवतं, आणि एसक्यूएलमध्ये सम केलं की बेरीज फ्लोटमध्ये होते. पैसे पैशांत आणि वजन किलोत, पूर्णांक म्हणून साठवा. तपशील जेसनमध्ये ठेवाल तर डॉटनेटचं मूळ जेसन एफ शार्पचे युनियन घेत नाही, चालवताना अपवाद येतो. वर सांगितलेलं वेगळं पॅकेज त्यासाठीच आहे. आणि प्रत्येक घटनेवर आवृत्तीचा आकडा लिहा. पुढच्या हंगामात ‘धाग्याची प्रत’ हे फील्ड वाढलं तर जुन्या घटना कशा वाचायच्या हे त्या आकड्यावरून ठरतं.

काट्याची केबल

इंडिकेटर सिरियल पोर्टवर सतत वजन पाठवत राहतो. वेग 2400 किंवा 9600 असा काहीतरी असतो. तो इंडिकेटरच्या सेटिंगमध्ये बघून जुळवा. वेग चुकला की भलतीच अक्षरं दिसतात. मोठी चूक होते ती एका वाचनात एक पूर्ण वजन येईल असं धरल्याने. प्रत्यक्षात ‘003’ एका वेळी येतं आणि ‘240’ पुढच्या वेळी. आधीची उरलेली अक्षरं आणि नवी अक्षरं घेऊन ‘पूर्ण झालेली वजनं’ आणि ‘नवी उरलेली अक्षरं’ परत देणारं शुद्ध फंक्शन लिहा. मग काट्यावर बसून चाचणी करायची गरज राहत नाही: एकदा अर्धा तास प्रवाह फाइलमध्ये उतरवून आणा आणि घरी त्या फाइलचे वेडेवाकडे तुकडे करून फंक्शनला द्या. लागोपाठ पाच वजनं सारखी आली तरच ते स्थिर माना. चालक गाडीतून उतरताना आकडा हलत असतो. सिरियल पोर्टची सूचना वेगळ्या थ्रेडवर येते, तेव्हा ती थेट पडद्याला न देता मेलबॉक्स-प्रोसेसरकडे पाठवा. तो एकेक निरोप क्रमाने घेतो. यूएसबीचा कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत लावला की पोर्टचा क्रमांक बदलू शकतो, म्हणून क्रमांक कोडमध्ये न लिहिता सेटिंग फाइलमध्ये ठेवा.

पडद्यासाठी जिराफ वापरून त्याच कॉम्प्युटरवर उघडणारी साधी वेब पानं बनवा. विंडोज फॉर्म्सही जमतं, पण एफ शार्पला तिथला डिझायनर मिळत नाही, सगळं हाताने मांडावं लागतं.

मराठी नावं

हा भाग लहान आहे पण रोज छळतो. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन कीबोर्डवरून दोन वेगळ्या अक्षर-क्रमांनी टाइप होऊ शकतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, एफ शार्पला मात्र ती वेगळी वाटतात, आणि एकाच कास्तकाराची दोन खाती होतात. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराचे वेगळे क्रम एकसारखे करणं) करा, पण अदृश्य जोडचिन्हाने केलेला ऱ्ह त्याने सुधारत नाही. तो तुम्हालाच एका फंक्शनमध्ये एकसारखा करून घ्यावा लागतो. नाव जिथून आत येईल तिथे हे फंक्शन लावा, आणि खातं नावाने न शोधता सभासद क्रमांकाने शोधा. दुसरी गंमत आकड्यांची: ‘७’ हा अंक आहे का असं डॉटनेटला विचारलं तर तो हो म्हणतो, पण ‘७२’ चा पूर्णांक करायला गेलात तर चूक येते. देवनागरी आकडे आधी बदलून घ्या. कोडमधली नावं मराठीच ठेवा, पण रोमन लिपीत. देवनागरी नावं कंपायलर घेतो, मात्र दर शब्दाला कीबोर्ड बदलणं हाताला जाचतं.

चाचणी आणि काट्यावर नेणं

एफएसचेक तुम्ही सांगितलेल्या नियमावर स्वतःच यादृच्छिक आकडे टाकून बघतं, मुळात 100 वेळा, आणि नियम मोडला तर मोडणारं लहानात लहान उदाहरण शोधून दाखवतं. ही पद्धत क्विकचेक नावाने 2000 साली हास्केलमध्ये आली. इथे दोन नियम पुरेसे बोलके आहेत: ओलावा वाढला तर भाव कधीही वाढत नाही, निव्वळ वजन कधीही ऋण येत नाही. सिरियलच्या फंक्शनला तिसरा: प्रवाहाचे तुकडे कसेही केले तरी निघणारी वजनं तीच. याशिवाय मागच्या हंगामातल्या शंभरेक खऱ्या पट्ट्या घेऊन रक्कम पैशापर्यंत जुळते का बघा. जिथे जुळत नाही तिथे बहुतेक वेळा एक्सेलचं सूत्र कुणीतरी मधल्या ओळींत बदललेलं सापडतं.

पब्लिश करताना सेल्फ-कंटेन्ड (डॉटनेट प्रोग्रामच्या सोबतच जातं) आणि सिंगल फाइल हे पर्याय घ्या. ट्रिमिंग (न वापरलेला कोड कापून टाकणं) चालू करू नका; जेसन आणि छपाईची काही फंक्शनं चालताना टाइप शोधतात, ट्रिमिंगने ती मोडू शकतात. सिंगल फाइल म्हटलं तरी एसक्यूलाइटची डीएलएल ईएक्सईच्या शेजारी राहते. ती न्यायची राहिली तर तुमच्या लॅपटॉपवर सगळं चालतं आणि काट्यावर पहिल्याच नोंदीला प्रोग्राम पडतो. काट्याच्या कॉम्प्युटरवर विंडोज 7 असेल तर डॉटनेट 10 चा नाद तिथे सोडा, आधी विंडोज बदलून घ्या. हे हंगाम सुरू होण्याआधी तपासायचं. शिकायला उन्हाळ्यात बसलात तर दिवाळीच्या सुमाराची पहिली वेचणी येईपर्यंत हे सगळं आवाक्यातलं आहे. पहिला महिना वही बंद करू नका. रोज संध्याकाळी वहीची आणि प्रोग्रामची बेरीज ताडून पाहा.

छपाईबद्दल एवढंच. स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्ट बहुधा नसतो. मजकूर थेट पाठवला तर चौकोन किंवा कचरा छापला जातो. पट्टीचं चित्र बनवून पाठवा. 203 डीपीआयच्या 80 मिमी कागदावर छपाईची रुंदी 576 ठिपके असते, 58 मिमीवर 384. विंडोजवर निर्मला फॉन्टने या रुंदीचं काळं-पांढरं चित्र काढलं की जोडाक्षरं नीट उमटतात. थर्मल कागदावरची छपाई उन्हात आणि खिशातल्या घामाने उडते, म्हणून कास्तकाराला द्यायची प्रत डॉट मॅट्रिक्सवर काढा. तिथेही विंडोजच्या ड्रायव्हरमधून चित्र म्हणूनच जाऊ द्या. छपाई सावकाश होते, पण चुकारा हातात पडेपर्यंत पट्टी वाचता येते.